सोप्या वाटेवर बसायची जागा

पानबाईचं खरं नाव हजेरीपटाबाहेर कुठे उरलंच नव्हतं. एका मोठ्या, आडबाजूच्या पानझडीच्या रानात एक गोल वाट होती. फाटकापाशी सुरू व्हायची आणि रानातून फिरून फाटकापाशीच संपायची. ती वाट झाडून मोकळी ठेवायची, खुणेचे खांब रंगवायचे, आडव्या आलेल्या फांद्या कापायच्या, हे तिचं काम. बावीस वर्षं ती ते करत होती. पानगळ लागली की दोन-अडीच महिने तिच्या हातातलं दाताळं खाली म्हणून ठेवलं जात नसे. शंभर पावलं पानं ओढत जावं, मागे वळून बघावं, तर मागची वाट पुन्हा बुजलेली.

"झाडांचं बरंय," ती म्हणायची, "टाकली आणि मोकळी झाली. निस्तरायचं कुणी?"

पण तिचा खरा राग पानांवर नव्हता, फाटकावरच्या पाटीवर होता. पाटीवर लिहिलं होतं : 'गोल वाट. सोपी. चार किलोमीटर. दीड तास.' तशी वाट सोपी होती, खोटं नव्हतं. चढ नाही, ओढा नाही, पाय घसरेल असं काही नाही. पण दोन किलोमीटरवर, रानाच्या अगदी पोटात गेल्यावर माणूस दमला, तर त्याने करायचं काय? मागे फिरावं तरी तेवढंच, पुढे जावं तरी तेवढंच. आणि टेकायला साधा दगड नाही. तिथे तिने एका निवृत्त मास्तरांना खुणेच्या खांबाला मिठी मारून उभं राहिलेलं पाहिलं होतं. एकदा एक पोटुशी बाई झाडाला हात लावून रडवेली झाली होती. तेव्हापासून पानबाई तिथे एक बाक मागत होती. नऊ वर्षांत सात अर्ज झाले होते.

कार्यालयातले साहेब चिडके नव्हते, हीच पंचाईत होती. ते तिला खुर्ची द्यायचे, पाणी विचारायचे आणि मग म्हणायचे, "बाई, पाटीवर काय लिहिलंय?"

"सोपी."

"मग सोप्या वाटेला बाक कशाला? बाक ठेवला म्हणजे माणूस दमतो हे आपण कबूल केलं. मग पाटी बदला, पत्रकं बदला, नकाशे बदला. वर विचारावं लागतं."

"मग बदला की पाटी. विचारा वर."

"विचारलं ना. वरून त्यांनी विचारलंय, वाट सोपी आहे ना?"

यावर माणसाने कुठल्या भिंतीवर डोकं आपटावं?

पानबाई तिच्या थोरल्या बहिणीबरोबर तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत राहायची. ताईने चाळीस वर्षं शिवणकाम केलं होतं. मशीन अजून खिडकीशी होतं, पण खुब्याच्या दुखण्याने ताईचं बसणं-उठणं अवघड झालं होतं. त्या वर्षी डॉक्टरांनी तिला सपाट जागी थोडं चालायला सांगितलं आणि ताईच्या डोक्यात एकच घुसलं.

"तुझ्या रानात ने मला. सोपी वाट आहे म्हणे, पाटीवर लिहिलंय."

"थोडं म्हणालेत डॉक्टर. वाट चार किलोमीटर आहे, ताई."

"बावीस वर्षं ऐकतेय त्या रानाबद्दल. मेल्यावर नेणार आहेस का?"

सुट्टीच्या दिवशी दोघी गेल्या. पहिला तास झकास गेला. ताई प्रत्येक झाडाच्या सालीवरून कापड चाचपावं तसा हात फिरवत होती. "हा बघ काय जाडाभरडा पोत आहे. आणि हे? अगदी अस्तरासारखं." पिवळी पानं तिच्या डोक्यावर, शालीवर पडत होती आणि ती ती झटकतही नव्हती. पानबाईलाच वाटलं, उगीच टाळत होतो आपण.

आणि नेमका मधोमध ताईचा खुबा धरला. ती झाडाला पाठ लावून उभी राहिली, मग हळूहळू घसरत ओल्या पानांत बसली. बसली ती बसलीच. पानबाईने काखेत हात घालून उचलून पाहिलं, ताई कळवळली.

"इतकी वर्षं झाडतेस इथे," ताई दात आवळून म्हणाली, "बसायला एक जागा करता आली नाही तुला?"

"सात अर्ज केलेत मी!"

"मग आण इकडे. अर्जांवर बसते."

पानबाईच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ते दुःखाचं नव्हतं, संतापाचं होतं. पाऊण तासाने कुत्रं फिरवायला आलेलं एक जोडपं भेटलं. तिघांनी मिळून ताईला उभं केलं आणि आधार देत, थांबत थांबत फाटकापर्यंत आणलं. आठ दिवस ताई अंथरुणावर होती. पानबाईने आठवा अर्ज दिला. त्यात तिने 'माझी सख्खी बहीण' या शब्दांखाली दोनदा रेघ मारली. कारकुनाने शिक्का मारला आणि अर्ज आधीच्या सातांवर ठेवला.

थंडीत वादळ झालं आणि वाटेच्या त्याच मधल्या भागात एक म्हातारं झाड वाटेवर आडवं झालं. कार्यालयातून हुकूम आला : अडथळा दूर करावा. पानबाई दोन दिवस करवत चालवत होती. वाटेवरचं सगळं लाकूड तिने तुकडे करून हलवलं. पण बुंध्याचा एक लांब तुकडा वाटेच्या कडेला तसाच ठेवला. ताईची मोजपट्टी आणून उंची मोजली, घरच्या खुर्चीइतकी आहे ना बघितली, आणि कुऱ्हाडीने वरची बाजू तासून सपाट केली.

महिन्याभराने साहेब पाहणीला आले.

"हे काय आहे?"

"झाड."

"ते दिसतंय मला. काढायचं होतं ना?"

"वाटेवरचं काढलं. हे वाटेबाहेर आहे."

"वरून असं सपाट कसं?"

"पडताना झालं असेल."

साहेबांनी तिच्याकडे बघितलं, बुंध्याकडे बघितलं आणि पाहणीच्या नोंदवहीत लिहिलं : 'उर्वरित भाग हटवणे बाकी.' तेव्हापासून दर महिन्याला पानबाई त्याखाली 'काम चालू आहे' असं लिहून सही करते. पण समाधान म्हणाल तर नाही. उघड्यावरचं लाकूड ते, चार-पाच पावसाळ्यांत भुसा होणार. शिवाय पुढच्या वर्षी ती निवृत्त होणार, मग ही सही कोण करणार? पाटी तर अजून तीच आहे.

पालवी फुटली तशी ताई पुन्हा हट्टाला पेटली. या खेपेला काठी घेऊन आली. मधोमध पोचल्यावर ती त्या बुंध्यावर बसली, पाय पसरले, इकडेतिकडे बघितलं.

"पाठ टेकायला काही नाही," ती म्हणाली.

"बसायला मिळालं ना?"

"मिळालं. पण कुबड काढून बसावं लागतंय. मागे एक फळी लावायचीस की."

"फळी लावली की बाक होतो, ताई! बाक झाला की पाटी बदलावी लागते!"

"मग बदला की पाटी."

तेच वाक्य पानबाई नऊ वर्षं साहेबांना ऐकवत आली होती. ती बहिणीशेजारी बसली. दहा मिनिटांनी ताई स्वतःच काठी टेकून उठली. उरलेले दोन किलोमीटर दोघींनी फळीवरून भांडत, एकदाही न थांबता पार केले.