नानांचा पंप आणि माझा श्वास

"अस्थमा आहे," डॉक्टर म्हणाले.

आई शेजारीच बसली होती. ती पटकन म्हणाली, "म्हणजे आमच्या नानांसारखा."

नाना म्हणजे आईचे वडील. धुळ्याजवळच्या गावी राहायचे. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली. तीन महिने पहाटे खोकून मी थकले होते, तरी त्या क्षणी मला आजाराची भीती वाटली नाही. नानांची आठवण आली.

दिवाळीच्या सुट्टीत शेतात कपाशीच्या वाळलेल्या पऱ्हाट्यांवर वांगी भाजली जायची. नाना धुरापासून लांब बांधावर बसायचे आणि मीही तिथेच. मामेभाऊ माझ्या इंग्रजाळलेल्या मराठीला हसायचे, म्हणून मी गप्प. नानांना बोलायला दम पुरत नसे, मला बोलायला धीर. आमचं छान जमायचं. त्यांच्या खिशात दम लागल्यावर तोंडाने ओढायचा निळा पंप असे. अगदीच जीव घाबरला तरच ते तो काढत.

"पंप जपीसन लेवाना, पोरी. एकदाव सवय लागनी का सुटत नई," ते त्यांच्या अहिराणीत सांगत. मी खोकले की चिडवत, "तुना खोकलाबी इंग्रजीमा शे का?"

डॉक्टरांनी मलाही पंप दिला. सकाळी दोनदा, रात्री दोनदा ओढायचा, नंतर चूळ भरायची. बरं वाटलं तरी थांबायचं नाही. मी मान डोलावली. आठवडाभर घेतला, खोकला कमी झाला आणि बंद केला. मग दम लागला तरच घ्यायचे. मला वाटायचं, मी नानांसारखी धीराची आहे.

पुढच्या दोन्ही भेटींत डॉक्टरांनी विचारलं, "रोज घेतेस ना?" मी "हो" म्हणाले. खरं सांगितलं असतं तर चार वाक्यं बोलावी लागली असती.

पण आता जिना चढतानाही छातीत शिटी वाजू लागली होती. डॉक्टर म्हणाले, "औषध वाढवावं लागेल. कदाचित स्टेरॉइडच्या गोळ्याही." ते पुढे म्हणाले, "त्याआधी फेनो करू."

फेनो म्हणजे श्वासातल्या नायट्रिक ऑक्साइड वायूचं मोजमाप. श्वासनलिकांना विशिष्ट प्रकारची सूज असली की उच्छ्वासात हा वायू वाढतो. सुई नाही, रक्त नाही. आधी तासभर काही खायचं-प्यायचं नाही. मग नळी ओठांत घट्ट धरून भरपूर श्वास घ्यायचा आणि दहा सेकंद एकाच जोराने सोडायचा. पडद्यावर एक फुगा होता, तो दोन रेघांच्या मध्ये ठेवायचा. पहिल्यांदा माझा फुगा वर उडाला. दुसऱ्यांदा जमलं.

आकडा आला अडुसष्ट. मोठ्या माणसांत पन्नासच्या वर गेला की जास्त समजतात.

आई बाहेर होती. डॉक्टर खुर्ची थोडी पुढे ओढून म्हणाले, "औषध चुकलं की हा आकडा वाढतो, सर्दी-अ‍ॅलर्जीनेही. रोज औषध घेऊनही कुणाकुणाचा वाढलेला राहतो. तसं असेल तर मला गोळ्या लिहायला लागतील. म्हणून परत विचारतो, पंप रोज घेतेस? रागावणार नाही, बेटा."

"दम लागला की घेते," मी म्हणाले. "फक्त तेव्हाच. नाना तसंच घ्यायचे."

त्यांनी समजावलं. नानांचा निळा पंप आवळलेली श्वासनलिका तात्पुरती मोकळी करायचा. माझा पंप सूज हळूहळू उतरवतो, आणि तो रोज घेतला तरच. "नानांना हा दुसरा पंप कुणी दिलाच नसेल," ते म्हणाले.

गोळ्या लिहिल्या नाहीत. दोन महिने नियमित पंप घेऊन मग बघू, असं ठरलं.

घरी मी आईला सगळं सांगितलं. नाना पंप किती जपून वापरायचे, हे आई नेहमी कौतुकाने सांगायची. त्या दिवशी मात्र ती म्हणाली, "लग्नांत ते कधी पंगतीत बसले नाहीत गं. धाप लागायची. आम्ही म्हणायचो, तुसडे आहेत."

दोन महिन्यांनी आकडा एकतीस झाला. गोळ्या टळल्या. आता पहाट झोपेत जाते. ही साधी तपासणी माझ्या वाट्याला आली, याबद्दल मी मनापासून ऋणी आहे. पण तुमच्या गावात ते यंत्र नसेलही. म्हणून एवढंच सांगते, औषध चुकत असेल तर डॉक्टरांना तसं सांगा.

गेल्या सोमवारी मी खुर्चीवर टेकले आणि त्यांनी तोंड उघडायच्या आत म्हणाले, "धुळ्याला लग्नाला गेले होते. तीन दिवस पंप चुकला."

त्यांनी लिहून घेतलं.