चाकाखालच्या तुराट्या

देशमुखांनी काठीच्या टोकानं आमचं गाठोडं मोटारीबाहेर ढकललं. मग वहिनीला उतरवलं. पोटात मूल आडवं आलेलं, ओठ दातांनी फाटलेले. ती पायऱ्यांवरून बसत बसत खाली आली.

"घरंदाज बाया बसल्यात आत. इटाळ करता व्हय?" देशमुख म्हणाले.

निजामाच्या अमलातली गोष्ट. नेकनूरवरून बीडला जाणारी सर्विस मोटार आमच्या गावात पारापाशी थांबायची. मोटार दुसऱ्याच कुणाची, पण आत कोण बसणार ते देशमुख ठरवायचे. आमच्या महारवाड्यातलं माणूस आत बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. पण सुईणीनं हात टेकले होते. भाऊ परळीला रेल्वेच्या कामावर गेलेला. बीडच्या दवाखान्यात नेली तर वहिनी वाचेल, एवढंच आम्हाला कळत होतं. माझ्या वडलांनी, आबांनी, डोक्याचं मुंडासं काढून देशमुखांच्या पायाशी ठेवलं.

"सरकार, पोर अडलीय. मागं पायापाशी पडून ऱ्हाईल."

देशमुखांनी खाली बघितलंसुद्धा नाही. ड्रायव्हर पुटपुटला, "माज्या हातात काय न्हाई, बाबा." मोटार धुरळा उडवत गेली. मला आबांचाच राग आला. देशमुखांचा यायला हवा होता, तो यायला अजून वेळ होता.

महारवाड्यातल्या चौघांनी वहिनीला बाजेवर घेतलं आणि आम्ही पायी बीडची वाट धरली. गावाबाहेर ओढा लागतो. मोटार तिथंच वाळूत रुतून बसली होती. ती नेहमीच रुतायची. मग महारवाड्याला हाक यायची. बायांनी घरच्या जळणातल्या तुराट्या, तुरीच्या वाळल्या काड्या, आणून चाकाखाली अंथरायच्या, गड्यांनी मागून रेटा द्यायचा. ही आमची वेठ. जी मोटार आम्हाला आत घेत नव्हती, ती आमच्याच खांद्यानं ओढा ओलांडायची.

"बरं झालं आलात," आतून देशमुख म्हणाले. "लावा हात."

बाज वाळूत टेकली. चौघंही मोटारीमागं गेले. आबाही गेले. महारवाडा ओढ्याच्या काठालाच, मी पळत घरी गेले, तुराट्यांचा भारा डोक्यावर घेऊन आले आणि वाकून चाकाखाली घालू लागले. कुणाला काही वाटलं नाही. हात सवयीनं चालत होते.

तेवढ्यात वहिनी ओरडली. अडलेल्या गाईसारखा तो आवाज होता. मी मान वळवली. ती उन्हात एकटी पडली होती आणि तिची सगळी माणसं मोटारीला चिकटली होती. माझ्या अंगाची आग झाली. चाकाखाली घातलेल्या सगळ्या तुराट्या मी ओढून काढल्या, भारा बांधला आणि त्याच्यावर बसले.

"कावून काढल्या गं?" आबा.

"वैनीला आत घ्या. मग घालते."

"पोरी, पाया पडतो तुज्या. गावात ऱ्हायचं हाय आपल्याला."

"असलं ऱ्हानं नगं मला, आबा."

देशमुख खाली उतरले. काठी माझ्या तोंडासमोर धरून म्हणाले, "घर पेटवून देईन." मी उठले नाही. मग चौघांतल्या एकानं मोटारीवरचा हात काढला. दुसऱ्यानं काढला. आत कोर्टाला निघालेला एकजण तारीख चुकेल म्हणून कुरकुरायला लागला, मग बाकीचेही लागले. त्यांना वहिनीची कीव आली नव्हती, त्यांना उशीर होत होता. शेवटी ड्रायव्हरनं मागचं दार उघडलं. देशमुख मात्र परत आत बसले नाहीत. वहिनी मागं पत्र्यावर आडवी झाली. मी तुराट्या घातल्या, गड्यांनी मोटार वर काढली, आणि मी तिच्या उशाशी जाऊन बसले.

वहिनी वाचली. मूल पोटातच गेलं होतं.

"थोडं आधी आणायला काय झालं होतं?" दवाखान्यातली नर्स माझ्यावर खेकसली.

आधी मी चाकाखाली तुराट्या घालत होते.

गावी परतल्यावर चावडीवर बोलावणं आलं. देशमुख म्हणाले, नाक घासून माफी माग. सगळं गाव बघत होतं. मी उभीच राहिले.

"मोटार आमच्या वाड्यापाशी थांबंल, आमची मान्सं आत बसतील, तवा तुराट्या पडतील. तवर रुतू द्या."

आबा शेजारी होते. त्यांनी मला गप्प केलं नाही.

घर जळालं तर दुसरं बांधीन. वहिनीचं लेकरू कुठून आणू? मोटार आमच्यासाठी थांबेपर्यंत तिच्या चाकाला माझा हात लागणार नाही, आणि महारवाड्यातल्या एकाही बाईचा मी लागू देणार नाही.