नाव-पत्त्यासकट

आमचे हे फोटोग्राफर. उजेडातलं त्यांना जेवढं कळतं तेवढं माणसांतलं कळत नाही, हे मी लग्न झाल्यापासून सांगतेय, पण ऐकतो कोण! स्टुडिओ घराच्याच पुढच्या खोलीत. हे आत पडद्यापुढे फोटो काढतात, मी काउंटरवर पासपोर्टचे फोटो कापते आणि गिऱ्हाइकांच्या कॉलर सरळ करते.

मध्यंतरी ह्यांनी काढलेला एका बाळाचा फोटो कुणा दूध पावडरवाल्याने आमच्या सोशल मीडियावरच्या पेजवरून उचलला. कोपऱ्यातलं स्टुडिओचं नाव कापलं आणि खुशाल जाहिरातीला लावला. तक्रार केली तर उलट उत्तर आलं, फोटो तुमचाच कशावरून? ह्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मलाही वाईट वाटलं. त्या बाळाला हसवायला हे खुळखुळा घेऊन सगळी सकाळ नाचले होते.

"आता चोरून दाखवा म्हणावं!" म्हणाले, आणि तेव्हापासून पेजवर जाणाऱ्या प्रत्येक फोटोत, माणसाच्या थेट छातीवरून, स्टुडिओचं नाव टाकू लागले. नाव, खाली पत्ता, फोन नंबर. अक्षरं अशी ठसठशीत, की कापायला गेलं तर माणूसच कापला जावा.

"अहो, फोटो आहे की दुकानाची पाटी?" मी म्हटलं. तेव्हा मला हसूच येत होतं.

मग ती लॅबवाली आली. मागच्या गल्लीतल्या लॅबमध्ये रक्त घ्यायच्या कामावर नवीन लागली होती, ओळखपत्रासाठी फोटो हवा होता. आरशापुढे केस नीट करता करता आम्हा दोघांनाही म्हणाली, "काकू, नवऱ्याच्या माराला कंटाळून पळून आलेय. मी कुठे आहे हे त्याला ठाऊक नाही, तेवढ्यावरच जगतेय."

मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. हे दिवा सरकवत "हं, हं" करत होते. मग त्यांनी काहीतरी पाचकळ विनोद केला आणि ती पोरगी खळखळून हसली. तेवढ्यात ह्यांनी बटण दाबलं. फोटो फार सुंदर आला, आणि तिथेच घात झाला.

काही दिवसांनी दुपारी एक माणूस आला. इस्त्रीचा शर्ट, बोलणं गोड. त्याने मोबाइल माझ्यापुढे धरला. त्यात ती हसत होती, आणि तिच्या छातीवर आमचा पत्ता. कुठल्याशा लग्न जुळवणाऱ्या पेजने तो फोटो आम्हाला न विचारता उचलून "सुशील मुलगी" म्हणून लावला होता. आमचं नाव मात्र जसंच्या तसं.

"ही कुठे राहते, वहिनी? माझी बायको आहे."

"इथे ढीगभर माणसं येतात, कुणाकुणाला लक्षात ठेवायचं?" मी म्हटलं. त्याने शांतपणे मान डोलावली आणि समोरच्या बाकावर जाऊन बसला.

मी मागच्या दाराने लॅबकडे धावले. ऐकून ती पांढरीफटक पडली. "फोटो कुणी टाकला, काकू?"

"आम्हीच गं."

ती ओरडली नाही. हातमोजे काढले, पर्स उचलली. "मला एकदा विचारायचं तरी," एवढंच म्हणाली आणि निघून गेली. तेव्हापासून तिचा फोन बंद आहे.

घरी येऊन मी ह्यांना फाडून खाल्लं. "तुमचा फोटो कुणी न विचारता घेतला तर घर डोक्यावर घेता! आणि तिचा चेहरा कुणाला विचारून लावलात?"

ह्यांनी आमच्या पेजवरचा फोटो काढून टाकला होता, पण तो हजार ठिकाणी पसरला होता. एकीकडून काढायला लावावा तर दुसरीकडे दिसे, नाव-पत्त्यासकट. पोलिसांकडे गेलो. ते म्हणाले, "बाकावर बसणं हा गुन्हा आहे का?"

दुसऱ्या दिवशी तो माणूस सरळ आत आला आणि पडद्यापुढच्या स्टुलावर बसला. ती बसली होती त्याच स्टुलावर.

"माझाही काढा. तिचा काढलात तसाच."

"आम्ही आता पेजवर फोटो टाकत नाही," हे म्हणाले.

"टाका की. कुठेही असली तरी बघेल ती." त्याने स्वतःच कॉलर सरळ केली आणि कॅमेऱ्याकडे बघून हसला. "आणि हो, नाव, पत्ता, सगळं मोठं टाका. मी कुठपर्यंत आलोय ते कळू दे तिला."