निवांतचा कोट

माझ्या भावाला सगळे निवांत म्हणतात. घरात मी त्याला दादा म्हणते, आई राजा म्हणते, पण कॉलेजात, गल्लीत, दुकानात तो निवांतच. कुणी विचारलं, "काय, कसं चाललंय?" की याचं उत्तर ठरलेलं, "निवांत." परीक्षेच्या आदल्या दिवशी निवांत आणि निकालाच्या दिवशीही निवांत. पुढे कॉलेज संपलं, पदवीचं भेंडोळं कपाटावर चढलं आणि हा इतकी वर्षं निवांत राहिला, की मला त्या शब्दाचाच राग यायला लागला.

आमचे बाबा शिंपी. पुढच्या खोलीत दुकान, मागच्या दोन खोल्यांत आम्ही चौघं. शाळांचे, पहारेकऱ्यांचे, हॉटेलातल्या वाढप्यांचे गणवेश शिवून पोट भरायचं, पण बाबांचा जीव कोटात. दादाचा निकाल लागला त्याच आठवड्यात त्यांनी त्याच्यासाठी गडद निळं लोकरी कापड बेतलं. मुलानं नोकरीच्या पहिल्या दिवशी आपल्या हातचा कोट घालून उंबरा ओलांडावा, एवढीच हौस. बाह्या चढल्या, अस्तर लागलं, राहिली फक्त काजं आणि बटणं. ती राहिली, कारण दुकानाचा नियमच तसा होता. गिऱ्हाईक कोट न्यायच्या आदल्या दिवशी तो घालून समोर उभं राहिल्याशिवाय बाबा काज पाडत नसत. "शिवण चुकली तर उसवता येते," ते म्हणायचे, "काज एकदा कापलं की कापलं."

म्हणून कोट हँगरवर लटकला. गिऱ्हाइकं विचारायची, "कुणाचा हो?" बाबा म्हणायचे, "आमच्या चिरंजीवांचा. नोकरी लागली की काजं पाडायची." चिरंजीव तिथेच बाकावर बसलेले असायचे, पाय लांब करून.

त्याचे दोन मित्र होते, उंट आणि वकील. उंट उंच होता म्हणून उंट, आणि वकील कायद्याचं एक पान न वाचता सगळ्यांशी वाद घालायचा म्हणून वकील. बंद पडलेल्या सिनेमागृहाच्या पायऱ्यांवर तिघांची बैठक. कधी ट्रकचा धंदा काढायचा ठरायचं, कधी कोंबड्या पाळायच्या. संध्याकाळपर्यंत कोंबड्या अंडी घालून मोकळ्या व्हायच्या, आणि दुसऱ्या दिवशी येरे माझ्या मागल्या. मग उंटाला त्याच्या मेव्हण्यानं परदेशात स्वतःच्या गोदामात नेलं. वकिलाचं लग्न झालं आणि तो सासऱ्याच्या खिळ्यामोळ्यांच्या दुकानात चिकटला. दादा काही दिवस एकटाच पायऱ्यांवर जाऊन बसायचा. एकदा भाजी घेऊन येताना मी त्याला लांबून पाहिलं. तिघांच्या बैठकीत तो नेहमी मधे बसायचा, आणि आताही दोन्ही बाजूंना जागा सोडून तो मधेच बसला होता. तरी घरी आल्यावर मी त्याला टोमणा मारलाच. आमच्या घरात माया अशीच बाहेर येते.

त्याला नोकरी मिळत नव्हती असं नाही. तो मुलाखतींना जायचा आणि खरं बोलून यायचा. "पाच वर्षांनी स्वतःला कुठं पाहता?" असं एका साहेबानं विचारलं, तर हा म्हणाला, "खरं सांगू? काहीच दिसत नाही." दुसरीकडे विचारलं, "हे काम तुम्हाला का करावंसं वाटतं?" हा म्हणाला, "वाटत असं नाही, पण करीन." मी कपाळावर हात मारून घेतला. लहानपणापासून हा असाच. दूध सांडलं की कुणी विचारायच्या आत सांगणार, मी सांडलं. हरिश्चंद्राचा अवतार, आणि आमच्याच घरात.

मग बाबांच्या डोळ्यांचं कळलं. मी एका दातांच्या डॉक्टरकडे पुढच्या टेबलावर बसते. त्यांच्याच ओळखीनं बाबांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, नसा सुकत चालल्यात, गेलेली नजर परत येत नाही, उरलेली जपायची. बाबांनी मला वाटेतच दटावलं, "घरी एवढं काही सांगू नकोस." स्वतः मात्र त्या दिवसापासून येता-जाता कोटाकडे बघायला लागले. गिऱ्हाइकांची मापं सवयीनं घ्यायची आणि मशीनवर आईला बसवायचं, असं सुरू झालं. आईला काय ते समजलं.

मी दादाला मागच्या खोलीत गाठलं. "बाबांना सांग, नोकरी लागली म्हणून. त्यांना दिसतंय तोवर काजं पाडून घेऊ देत. पुढचं पुढे बघू."

"खोटं सांगून कोट घालू?"

"हो. घाल."

"मग सकाळी कोट घालून जाऊ कुठं? पायऱ्यांवर?"

"अरे, त्यांचे डोळे चाललेत!"

"मला नाही जमायचं गं," तो म्हणाला. त्याचा आवाज इतका बारीक झाला होता, की मला पुढे भांडता आलं नाही.

त्यानंतर तो दुकानात जास्त बसायला लागला. बाबांजवळ असावं असं त्याला वाटत असणार, पण करायचं काय ते कळत नसे. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, तसं त्यानं एके दुपारी रिळांचा ड्रॉवर उपसला. सगळी रिळं पुसली आणि रंगाप्रमाणे मांडली. पांढरं, मग पिवळं, नारिंगी, तांबडं, असं करत पार काळ्यापर्यंत. दिसायला सुरेख. आई म्हणाली, "बघा तरी, राजानं ड्रॉवर आवरला." बाबांनी वरच्या वर हात फिरवला. "धूळ पुसलीस ते बरं केलंस," म्हणाले. दादा लाजून हसला. त्या दुकानात त्यानं केलेलं ते पहिलं काम.

आणि मग, वरातीमागून घोडं यावं तशी नोकरी आली. फर्निचरच्या मोठ्या शोरूममध्ये, दाराशी उभं राहून येणाऱ्यांना कुठला सोफा कुठल्या मजल्यावर ते सांगायचं. कोट घालणं सक्तीचं. त्यांनी पाच वर्षांनंतरचं काही विचारलं नाही, म्हणून हा निवडला गेला असावा.

आदल्या दिवशी दादा कोट घालून बाबांसमोर उभा राहिला. बाबांनी त्याच्या खांद्यांवरून, पाठीवरून हात फिरवले आणि खडूनं खुणा केल्या. दादा पोटात थोडा सुटला होता. बाबा म्हणाले, "बसून खाल्लंस ते इथं आहे," आणि खूश होऊन हसले. आईनं सुई ओवून देऊ का विचारलं, तर तिला बाजारात पिटाळलं. "काजं मीच करणार. कुणी जवळ नको." मी कामावर होते. दादा केस कापायला गेला. त्यांना किती दिसत होतं हे आमच्यापैकी कुणालाच नीट ठाऊक नव्हतं. उजेड कुठला आणि अंधार कुठला, तेवढंच दिसत होतं, हे नंतर कळलं. सुई ओवायची बारीक तार त्यांच्या खिशात असायची. आयुष्यभराच्या सवयीनं हात ड्रॉवरमधे गेला आणि दोरा घेऊन आला. मग अंगठ्यानं चाचपत, टाक्याला टाका लावत त्यांनी काजं केली, बटणं लावली आणि कोटावर स्वच्छ कापड टाकून ठेवलं. "सकाळीच बघायचा," म्हणाले.

सकाळी कापड निघालं. गडद निळ्या कोटावर पिवळीधमक काजं होती. एकूण एक काज रेखीव, आणि एकूण एक पिवळं. बटणंही त्याच दोऱ्यानं लावलेली.

आईनं तोंडावर हात दाबला. मी दादाकडे पाहिलं. त्याचा चेहरा पडला होता, कारण ड्रॉवर कुणी लावला होता ते त्याला माझ्याआधी आठवलं. त्यानं कोट चढवला आणि सगळी बटणं लावली.

"कसा बसलाय?" बाबांनी विचारलं.

"अगदी मापात आहे, बाबा."

ते खरंच होतं. असा बसलेला कोट मी दुसरा पाहिला नाही. दादा तसाच बाहेर पडला, भर रस्त्यातून, आणि मला दारात उभं राहून रडू आलं.

संध्याकाळी तो परत आला. बाबा वाटच बघत होते. "लोक काय म्हणाले रे?"

"विचारत होते, कुणी शिवला."

बाबांचा चेहरा असा उजळला, की मी तिथून उठून आत गेले. दादा मागून आला. मी विचारलं, "हसले?" "हसले," तो म्हणाला. आई हळूच म्हणाली, "दे इकडे, दोरा काढून निळा घालते, त्यांना कळणारसुद्धा नाही." त्यानं कोट छातीशी धरला. "हात लावायचा नाही कुणी."

मग तो दुकानात जाऊन ड्रॉवरसमोर बसला. एक रीळ उचल, दुसऱ्या जागी ठेव, पुन्हा उचल. त्याला सगळं पहिल्यासारखं लावायचं होतं. पण पहिलं कसं होतं ते त्याला आठवेना. एवढी वर्षं तो त्या ड्रॉवरसमोरच्या बाकावर बसला होता, आणि बाबांचा हात कुठल्या दोऱ्यासाठी कुठं जातो ते त्यानं कधी पाहिलंच नव्हतं. शेवटी त्यानं विचारलं, "बाबा, निळं रीळ कुठं असायचं?"

"असायचं म्हणजे? डावीकडून दुसरं. सगळ्या गणवेशांना तेच लागतं." आणि मग बाबांचे हात मांडीवर थांबले. "जागा बदलल्यास की काय?"

दादानं हातातलं रीळ खाली ठेवलं.

"मग काजांना कुठला लागला?"

कोट दादाच्या मांडीवर होता, काजं वर. ज्यानं जन्मात कधी खोटं सांगितलं नाही, अगदी गरज होती तेव्हाही नाही, तो माझा भाऊ त्या पिवळ्या दोऱ्याकडे बघत म्हणाला, "निळाच लागलाय, बाबा."

बाबांनी मोठा श्वास सोडला. हात पुढे करून कोट मागितला आणि एकेका काजावरून अंगठा फिरवला.

"चला," ते म्हणाले, "माझ्या डोळ्यांदेखत झाला एकदाचा."

"हो बाबा," दादा म्हणाला.