पायाला भिंगरी, हातात ग्लोव्हज

नुसरतला एका जागी बसलेलं फारसं कुणी पाहिलेलं नाही. जेवतानाही ती ताट हातात घेऊन ओट्याशी उभी असायची. कुणाच्या लग्नाला गेली तर पाहुणी म्हणून शिरायची आणि दहा मिनिटांत वाढप्यांत दिसायची. तिची आई म्हणायची, “हिच्या पायाला भिंगरी लावूनच अल्लानं धाडलीय.” लोणावळ्यात भांगरवाडीला दोन खोल्या, नवरा अब्दुल, अकरा वर्षांची लेक तमन्ना आणि सासू एवढा तिचा संसार. अब्दुल शाळेच्या मुलांची व्हॅन चालवायचा. नुसरत तुंगार्लीतल्या एका रिसॉर्टवर हाउसकीपिंगला होती. चादरी बदलायच्या, बाथरूम घासायच्या, जिने चढायचे, उतरायचे. ते काम तिला मानवलं होतं, कारण त्यात बसायचंच नव्हतं.

रिसॉर्टच्या मागे पत्र्याचा एक हॉल होता. मालकाने हौसेने बॅडमिंटनसाठी बांधलेला, पण पाहुण्यांचं सगळं लक्ष स्विमिंग पुलाकडे. गावातल्या शाळेत खेळ शिकवणाऱ्या उज्ज्वलामॅडम एकदा मालकाला भेटायला आल्या. त्यांना बायकांची फुटबॉलची टीम काढायची होती. लोणावळ्यात चार महिने मैदानावर पाऊल ठेवता येत नाही, तेव्हा खेळायचं तर छपराखालीच, पाच-पाच जणींचं. मालकाने मंगळवार आणि गुरुवारची संध्याकाळ दिली. किल्ली नुसरतकडे असायची, त्यामुळे त्यांचा खेळ संपेपर्यंत थांबणं तिच्या नशिबी आलं.

पहिल्या दिवशी ती दारातल्या खुर्चीवर पाच मिनिटं बसली. मग उठून भिंतीकडेने चकरा मारू लागली. मग गोलमागे गेलेले बॉल आणून देऊ लागली. हा बॉल लहान आणि जड असतो, फारसा उसळत नाही, पण येतो तो दगडासारखा येतो. तिसऱ्या आठवड्यात गोलमध्ये उभ्या असलेल्या पोरीने एक फटका सोडून दिला आणि तिच्या मागे उभ्या नुसरतने तो छातीशी धरला.

उज्ज्वलामॅडमनी शिट्टी वाजवली. “तू याआधी खेळली आहेस?”

“नववीपर्यंत. हँडबॉल.”

“मग मागे काय करतेस? पुढे ये.”

वयाच्या बत्तिसाव्या वर्षी नुसरत अशी गोलकीपर झाली. घरी सांगितलं तेव्हा सासूने एवढंच विचारलं, “पडल्यावर लागतं का?” नुसरत म्हणाली, “लागतं.” सासूने कपाटातून जुनी रजई काढली आणि तिच्या तुकड्यांचे गुडघ्यांना बांधायचे पट्टे शिवून दिले.

टीममध्ये नऊ जणी होत्या. दवाखान्यातली एक नर्स, पार्लर चालवणारी रेणुका, कॉलेजच्या काही मुली, आणि औंढे गावाच्या वरच्या अंगाच्या वाडीतली एकोणीस वर्षांची पायल. पायलची आई भागूबाई लोकांच्या शेतावर मजुरीला जायची. चढ-उतारावर वाढलेली ती पोर सपाट फरशीवर आली तेव्हा तिला कुणी अडवेना. बॉल पायात आला की ती मान खाली घालून सुटायची.

पावसाळ्यात पत्र्यावर असा आवाज व्हायचा की हाक मारून उपयोग नसे. म्हणून पोरी खुणांनी खेळायला शिकल्या. हात वर केला की मागे दे, मांडीवर थाप मारली की पळ. ओरडायची ती एकटी नुसरत. कुणाला ऐकू येत नसलं तरी ती ओरडायचीच.

दिवाळीनंतर पिंपरीला बायकांची इनडोअर लीग सुरू झाली. सहा टीम, प्रत्येकीशी दोनदा, म्हणजे दहा सामने, सगळे रविवारी. रविवार हा रिसॉर्टवर सगळ्यात धावपळीचा वार. नुसरत पहाटे चारला कामावर हजर व्हायची, निम्मं काम उरकायची, उरलेलं दुसऱ्या बाईवर सोपवायची आणि त्याच्या बदल्यात बुधवारी दुप्पट राबायची. दहाच्या सुमाराची पुण्याकडची लोकल चुकली की दुपारपर्यंत दुसरी नाही. त्यामुळे रिसॉर्टपासून स्टेशनपर्यंत ती अक्षरशः पळत यायची, आणि गाडीत जागा असली तरी दारापासून दारापर्यंत येरझाऱ्या घालायची.

पहिला सामना त्यांनी चार-शून्यने मारला. दुसरा तीन-शून्य, तिसरा सहा-शून्य, चौथा पाच-शून्य. पिंपरीच्या त्या शांत हॉलमध्ये समोरच्या पोरी एकमेकींना हाका मारायच्या आणि या मांडीवर थाप मारून निघून जायच्या. लोणावळ्याची ही टीम कोण, म्हणून लोक विचारू लागले. नर्सबाई दवाखान्यात पेढे वाटून आल्या. रिसॉर्टच्या मालकाने रिसेप्शनवर टीमचा फोटो लावला.

नुसरतच्या जिवाला मात्र चैन पडेना. चौथ्या सामन्यात चाळीस मिनिटांत बॉल तिच्याकडे तीनदा आला, त्यातला एक तर आपल्याच पोरीने मागे दिलेला. बाकीचा वेळ ती खांबाला हात लावून ये, रेषेवरून चाल, ग्लोव्हजचे पट्टे सोड आणि पुन्हा बांध, हेच करत राहिली. पलीकडे कल्ला चाललेला आणि ती इकडे एकटी, सामसूम फलाटावर गाडीची वाट बघत उभी असल्यासारखी.

घरी येऊन तिने धुतलेली भांडी पुन्हा धुवायला काढली. अब्दुल बघत होता.

“जिंकलात ना?”

“जिंकलो.”

“मग टोचतंय काय?”

“मी नसते तरी जिंकलोच असतो.”

अब्दुल हसला. “माझ्या व्हॅनला स्टेपनी आहे. तीन वर्षांत लागली नाही. काढून टाकू?”

“मला स्टेपनी म्हणतोस?” ती इतकी चिडली की तिने तीच भांडी तिसऱ्यांदा धुवायला घेतली. बिचाऱ्याने समजूत काढायला जावं आणि भलतंच होऊन बसावं, असं त्याचं नेहमी व्हायचं.

पाचवा सामना चिंचवडच्या टीमशी होता. तीही टीम तोवर हरलेली नव्हती. मध्यंतराला एक-शून्यने लोणावळा पुढे. दुसऱ्या सत्रात बॉल नुसरतच्या पायाशी आला, समोर मोकळी जागा दिसली, आणि काय झालं तिचं तिलाच कळलं नाही. ती बॉल घेऊन निघाली. अर्धी फरशी ओलांडली, एकीला चुकवलं, फटका मारला, तो खांबाला लागला. बघणाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या तिच्या अंगात भिनल्या. पाच मिनिटांनी ती पुन्हा निघाली. या वेळी बॉल हिसकला गेला, आणि तिच्या रिकाम्या गोलमध्ये तो सावकाश, अगदी आरामात घरंगळत गेला. त्याने सगळ्यांचा धीर खचला. शेवटच्या मिनिटाला आणखी एक बसला. एक-दोन.

परतीच्या लोकलमध्ये उज्ज्वलामॅडम खिडकीबाहेर बघत होत्या. देहूरोड गेलं, तळेगाव गेलं. नुसरत दाराशी उभी होती. कामशेतनंतर पायल उठून तिच्यापाशी आली.

“ताई, तुमी कुटं गेलता?”

“चूक झाली गं.”

“चूक न्हवं. मला सांगा, तुमी कुटं गेलता?” पायलच्या डोळ्यांत पाणी होतं आणि आवाजात राग. “मी बॉल घेऊन पळती तवा मागं बघत न्हाई. कदीच न्हाई. मागं तुमी हाय म्हनून. आज मी मागं बघितलं आन् तुमी न्हवता. मंग माजं पायच उचलंनात.”

पायल जागेवर जाऊन बसली आणि लोणावळा येईपर्यंत तिने मान वर केली नाही.

मंगळवारी उज्ज्वलामॅडमनी सांगितलं, “पुढच्या रविवारी गोलमध्ये रेणुका. तू बाकावर.”

“शिक्षा आहे का?”

“आहे,” मॅडम सरळ म्हणाल्या.

नुसरतच्या आयुष्यातली ती सगळ्यात लांब चाळीस मिनिटं. ती बसली, उठली, बसली. रेषेच्या कडेने चालू लागली तेव्हा पंचांनी दोनदा बजावलं. शेवटी तिने बाकाची कड दोन्ही हातांनी घट्ट धरली आणि नुसतं बघत राहिली. बघता बघता एक गोष्ट तिच्या ध्यानात आली. रेणुकाने काही वाईट खेळ केला नाही, पण पायल आज दर वेळी अर्ध्यावर जाऊन मागे वळून बघत होती. एरवी बाणासारखी सुटणारी पोर आज अडखळत होती. मोठ्या मुश्किलीने चार-दोनने सामना हाती लागला.

सातव्या सामन्याला नुसरत पुन्हा गोलमध्ये उभी राहिली. तिची तगमग काही कमी झाली नव्हती, ती तशीच होती. पण आता ती पायलच्या पाठीकडे बघत ओरडायची, “आहे गं, आहे!” बॉल कुठेही असो, कामाचं असो-नसो, तिचं “आहे गं” चालूच. समोरच्या पोरी हसायच्या. पायलने पुन्हा मागे बघणं सोडून दिलं. सातवा, आठवा, नववा, तिन्ही सामने त्यांनी जिंकले.

शेवटचा सामना पुन्हा चिंचवडशी आला. चिंचवडचे मधे दोन सामने बरोबरीत सुटले होते, त्यामुळे गुणांत लोणावळा एकाने पुढे होतं, म्हणजे बरोबरी झाली तरी लीग त्यांची. त्या दिवशी भागूबाई पहिल्यांदाच लेकीचा खेळ बघायला आली होती. अब्दुलने सगळ्यांना व्हॅनमधून आणलं होतं. भागूबाईने हॉल नीट न्याहाळला आणि नुसरतला विचारलं, “ह्यो बॉल आत जाऊ द्याचा न्हाई, येवडंच काम हाय का तुजं?”

“एवढंच, मावशी.”

“मंग लय अवगड हाय बाय. आमी शेळ्या राखतो तसंच की.”

त्या दिवशी चिंचवडने नुसरतला उसंतच दिली नाही. पहिल्या सत्रात पायलने एक गोल केला, आणि मग बॉल जो इकडे आला तो इकडेच राहिला. पायाने, पोटाने, एकदा चक्क गालाने तिने फटके अडवले. डाव्या हाताची करंगळी मागे वळली, ती नर्सबाईंनी दुसऱ्या बोटाला चिकटपट्टीने बांधून दिली. एक फटका तिला चुकवून गेलाच. एक-एक.

दोन मिनिटं उरली तेव्हा चिंचवडने गोलकीपरसुद्धा पुढे चढवली. सगळ्या जणी नुसरतच्या अंगावर. एक जोराचा फटका तिने गुडघ्याच्या पट्ट्याने अडवला आणि बॉल पायाशी दाबून धरला. मान वर केली तर समोरचा गोल अगदी रिकामा. मधे कुणी नाही. कडेने लोक ओरडत होते, “मार! मार!”

तिचा पाय उचलला गेला होता. तेवढ्यात डावीकडे रेणुकाने हात वर केलेला दिसला. नुसरतने बॉल तिच्याकडे सरकवला. रेणुकाने तो कोपऱ्यात नेला आणि पाठ करून उभी राहिली. दोघी तिच्यावर तुटून पडल्या, पण बॉल सुटला नाही. शिट्टी झाली.

पुढचा कितीतरी वेळ कुणाला कसलंच भान नव्हतं. उज्ज्वलामॅडम फरशीवर बसून रडत होत्या. पायलने भागूबाईला उचलून घेतलं होतं आणि भागूबाई ओरडत होती, “अगं सोड, लुगडं फिटंल!”

व्हॅनमध्ये कप तमन्नाच्या मांडीवर होता. नुसरत पुढच्या सीटवर, करंगळी धरून.

“मारायला हवा होता,” ती म्हणाली.

“काय?” अब्दुल म्हणाला.

“गोल रिकामा होता. मारायला हवा होता.”

“आणि चुकला असता तर?”

“चुकला नसता.”

अब्दुलने शहाणपणा केला आणि गिअर बदलला.

पंधरा दिवसांनी मालकाने हॉलमध्ये लग्नसमारंभांसाठी बँक्वेट करायचं ठरवलं. वाईट वाटतंय, पण धंदा आहे, म्हणाला. टीमचा फोटो रिसेप्शनवर राहील, असंही म्हणाला. बाकीच्या जणी हळहळल्या. नुसरत हळहळत बसली नाही, ते तिला जमणारंच नव्हतं. ड्युटी सुटली की ती रेणुकाची स्कूटर मागून घ्यायची आणि जागा शोधत हिंडायची. शाळांचे हॉल झाले, बंद पडलेली दोन वर्कशॉप झाली, वलवणपर्यंत जाऊन आली. कुठे छत बुटकं, कुठे मालक परदेशात, कुठे “बायकांचा फुटबॉल?” म्हणून हसणं.

शेवटी भागूबाईनेच निरोप धाडला. ती ज्यांच्या शेतावर जायची त्यांची औंढ्यात भाताचा पेंढा ठेवायची शेड होती, निम्मी रिकामी. नुसरत आणि पायल बघायला गेल्या. पत्रा उंच, जमीन कोब्याची, थोडी भेगाळलेली. नुसरतने या टोकापासून त्या टोकापर्यंत पावलं मोजली. लांबी पुरत होती, रुंदी जेमतेम. पण बरोबर मधोमध एक लोखंडी खांब उभा होता.

“ह्या खांबाचं काय करायचं गं?” नुसरत त्याच्याभोवती दोनदा फिरली.

भागूबाई पेंढ्यावर टेकून बघत होती. “खांब काय हलायचा न्हाई. तुमीच हला की.”

पायल हसू लागली. नुसरतने बाहेरून चार धोंडे आणले, दोन्ही टोकांना मांडले, आणि मॅडमना फोन लावला.