माशी नसलेलं गाव

वहिनीच्या बागेत, जुन्या रायवळ आंब्याच्या फांदीला एक पिवळा डबा टांगलेला आहे. फळमाशी वासानं आत शिरते आणि अडकते. दर आठवड्याला कृषी खात्याचे साहेब येतात, डबा उघडतात, आत काही नाही हे गंभीर चेहऱ्यानं पाहतात आणि तसं लिहून घेतात. रिकाम्या डब्याला इतका मान मी दुसरीकडे पाहिलेला नाही. पण त्यात माशी सापडली, तर गावाची ‘फळमाशीमुक्त’ ही मान्यता जाईल आणि इथला कुणाचाच आंबा परदेशी जाणार नाही.

माशी वाढते पडलेल्या फळात. म्हणून वहिनी रोज सकाळी पडलेला प्रत्येक आंबा वेचते आणि खोल खड्ड्यात पुरते. याच झाडाखाली आम्ही भावंडं पडलेल्या आंब्यांवर तुटून पडायचो. अळी दिसली तर तेवढा भाग भिरकावायचा, उरलेला चोखायचा. अळीला आंब्यातलं कळतं, असं आमचं ठाम मत होतं.

मी खड्ड्याशी रेंगाळलेला पाहून वहिनी म्हणाली, “घ्या एक, भावोजी. पुरण्यापेक्षा तुमच्या पोटात बरा.”

मी उभ्याउभ्याच चोखला. रस कोपरापर्यंत आला. बऱ्याच वर्षांनी मला कुणी पाहत नाही असं वाटलं, आणि कोय झुडपात फेकायला मी हात उचलला.

“अहो, अहो!” वहिनीनं मनगटच धरलं. कोय काढून घेतली, खड्ड्यात टाकली, वर माती ओढून पायानं दाबली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, “आता तोंड धुवा. मगच बागेत फिरा.”