फितीचं दुसरं टोक

ताईच्या दुकानाचं शटर कधी धाडकन खाली आलं नाही. गल्लीतली बाकीची शटरं बंद होताना कशी आपटतात ते सगळ्यांना ठाऊक आहे. ताई मात्र दोन्ही हातांनी धरून, झोपलेलं मूल खाली ठेवावं तसं शटर आणायची. नवं गिऱ्हाईक विचारायचं, "बिघडलंय का हो?" त्यावर ताई म्हणायची, "शटर चांगलं आहे, तुम्ही तुमचा गुच्छ घ्या आणि निघा." गिऱ्हाईक निमूट निघायचं.

याचं कारण तिचा धाकटा भाऊ. तो लढाईवर गेला आणि परत आला, अंगावर साधा ओरखडाही न घेता. गल्लीनं तोंड भरून कौतुक केलं, नशीब काढलंस म्हणाली. आठवडा गेला असेल नसेल, शेजारच्या कुलूपवाल्यानं आपलं शटर पाडलं आणि हा धडधाकट माणूस टेबलाखाली शिरला. डोकं दोन्ही हातांत धरून तिथंच बसला. त्याच्या बायकोनं, म्हणजे ताईच्या भावजयीनं, खाली वाकून हाका मारल्या, पण त्याला ऐकू गेलं नाही. तेव्हापासून ताईचं शटर हळू येऊ लागलं. आता भाऊ नाही, तरी हातांना तीच सवय आहे.

दुकान फुलांचं. गुच्छ सगळेच बांधतात, पण ताईचं नाव होतं पुष्पचक्रासाठी. पेंढ्याचं कडं वळायचं, त्यावर पानांच्या जुड्या एकीवर एक चढवत बारीक तारेनं आवळायच्या, मग फुलं खोचायची. तार सैल पडली की चक्र दुपारपर्यंत मान टाकतं. भावाच्या हातात चहाचा कप दिला तर निम्मा चहा बशीत सांडायचा, पण त्याच हातात तार आली की थरथर कुठच्या कुठं पळायची. मागच्या टेबलाशी तो बसायचा, तार ओढायचा आणि ताईची खोडी काढायचा.

भावजयीचं काम फितीचं. पुष्पचक्राला रुंद फीत असते, तिची दोन टोकं खाली लोंबतात. त्यांवर सोनेरी रंगानं अक्षरं काढायची. मोत्यासारखं अक्षर होतं तिचं. बोलायची मात्र मोजकं. ताई दिवसभरात जितकं बोलायची तितकं ही वर्षात बोलली असेल की नाही, शंकाच आहे.

दरवर्षी लढाईत गेलेल्यांचा स्मृतिदिन यायचा आणि मोठ्या पुष्पचक्राचं काम या दुकानाकडे यायचं. चौकात दगडी खांब आहे, त्यावर गेलेल्यांची नावं. चक्र भाऊच बांधायचा. जुड्या आवळताना मध्येच म्हणायचा, "यातले तिघं माझ्या शेजारी झोपायचे, ताई. एक तर काय घोरायचा!" प्रत्यक्ष त्या दिवशी मात्र तो दुकानातच बसून राहायचा, कारण चौकात तोफा उडायच्या. सलामी गेलेल्यांना आणि हादरे जित्या माणसाला! सांगा बरं, याला काय म्हणावं? एकदा तो हसत हसत म्हणाला, "खांबाच्या तळाशी जागा रिकामी आहे बघ. माझं नाव मावेल तिथं." ताई खेकसली, "गप रे मेल्या!" तो हसला, तीही हसली. पुढे त्या आठवणीनं तिला कितीदा रडवलं ते तिचं तिलाच माहीत.

परत आल्याच्या सातव्या वर्षी त्यानं स्वतःचा जीव दिला, नदीत. हे सरळ सांगितलेलं बरं, कारण गल्लीत ते कुणीच सरळ सांगत नव्हतं. भावजयीनं पहिल्याच दिवशी म्हटलं, पाय घसरला. लोकांनीही मान डोलावली, पाय घसरला. ताईच्या तळपायाची आग मस्तकात जायची, पण भावजयीच्या चेहऱ्याकडे बघून ती ओठ आवळून घ्यायची. नगरपालिकेत मात्र ती गेली. खांबावर त्याचं नाव घाला म्हणाली.

तिथं तिची गाठ पडली वरूनसाहेबांशी. हे नाव गल्लीनंच ठेवलेलं. स्मृतिदिनाची व्यवस्था या गृहस्थांकडे, आणि त्यांचं कुठलंही बोलणं "वरून आदेश आहे" याशिवाय सुरूच व्हायचं नाही. ते म्हणाले, "वरून आदेश आहे, लढाईत गेलेल्यांचीच नावं. तुमचे बंधू घरी आले होते."

"घरी काय आलं होतं ते मी पाहिलंय," ताई म्हणाली. "तुम्ही पाहिलं नाहीत."

"तसं नियमात बसत नाही, ताई."

मग ताईनं आपला नियम काढला. दरवर्षी मोठ्या चक्राबरोबर ती एक छोटं चक्र बांधायची आणि कार्यक्रम संपला की खांबाच्या तळाशी, त्या रिकाम्या जागेखाली ठेवून यायची. दरवर्षी वरूनसाहेब ते उचलायला लावायचे. मागच्या वर्षी तर तिच्या डोळ्यांदेखत ते कचऱ्याच्या गाडीत गेलं.

यंदा आदल्या दिवशी सकाळीच वरूनसाहेब दुकानात हजर. चक्राभोवती एक फेरी मारली, एक पान उगाच ओढून पाहिलं. ते निघालं नाही.

"ताई, यंदा ते छोटं चक्र नको. पाहुणे मोठे आहेत, निवृत्त सेनाधिकारी. पुन्हा तसं झालं तर पुढच्या वर्षीचं काम दुसरीकडे जाईल."

"नाही ठेवणार."

"शब्द देताय?"

"दिला. आता त्या पानाला सोडा."

वरूनसाहेब खूश होऊन गेले. बिचाऱ्यांना काय ठाऊक, ताई इतक्या पटकन कबूल झाली की समजावं, काहीतरी शिजतंय.

चौकातली रीत अशी, की पाहुणे चक्र ठेवतात, टाचण्या काढून फितीची टोकं सोडवतात आणि त्यांवरचे शब्द मोठ्यानं वाचतात. पाहुणा दरवर्षी नवा, म्हणून तो बघूनच वाचतो. एका टोकावर 'देशासाठी प्राण दिलेल्यांना', दुसऱ्यावर नगरपालिकेचं नाव. त्यानंतर दोन मिनिटं शांतता.

ताईनं कोरी फीत भावजयीपुढे टाकली. "पहिलं टोक नेहमीसारखं. दुसऱ्यावर लिही, 'आणि जे घरी येऊन गेले त्यांना'."

भावजयीचा ब्रश हवेतच राहिला. "नको, वन्सं."

"का नको?"

"लोक विचारतील, घरी येऊन गेले म्हणजे कसे गेले."

"विचारू देत की! विचारायलाच हवं त्यांनी!"

"मी इतकी वर्षं सांगत आलेय, पाय घसरला. आता काय सांगू? खोटं बोलत होते?"

"हो! खोटंच बोलत होतीस!" ताईचा तोल गेला. "तू त्याला घसरलेला केलास आणि तो वरूनसाहेब त्याला कचऱ्यात टाकतो. दोघं मिळून पुसून टाका एकदाचं!"

भावजयीनं रंगाची बाटली, ब्रश आणि फीत उचलली आणि ती वरच्या खोलीत गेली. ताई खाली एकटीच बसली. जिभेला हाड नाही माझ्या, असं स्वतःलाच म्हणाली. पण माफी मागायला जिना काही चढली नाही. ताठा कुठे जातो हो!

सकाळी फीत चक्रावर बसलेली होती, टोकं घडी करून टाचण्यांनी बंद. रंग पुसू नये म्हणून ती अशीच न्यायची असते. ताईनं उघडून पाहिलं नाही. लिहिलं असेल नेहमीसारखं, असं मनाशी म्हणून तिनं चक्राची एक बाजू धरली, दुसरी भावजयीनं. वाटेत एकमेकींशी चकार शब्द नाही.

चौक माणसांनी भरला होता. पाहुणे म्हातारे, जाड भिंगांचा चष्मा लावलेले. त्यांनी चक्र ठेवलं, गुडघ्यावर हात देऊन सरळ झाले, टाचण्या काढल्या आणि पहिलं टोक हातात घेतलं.

"देशासाठी प्राण दिलेल्यांना," त्यांचा आवाज भोंग्यातून चौकभर गेला.

मग दुसरं टोक. त्यांनी चष्मा सारखा केला. "आणि माझ्या नवऱ्याला," ते म्हणाले, आणि थबकले. वरूनसाहेबांनी एक पाऊल पुढं टाकलं. पण पाहुण्यांनी वाचायचं थांबवलं नाही. पुढचे शब्द त्यांनी सावकाश, एकेक करून वाचले.

"तो घरी परत आला, तरी त्याला लढाईनंच नेलं. त्याचा पाय घसरला नव्हता."

आणि बिगुल वाजला. शांतता सुरू झाली.

आता दोन मिनिटं वरूनसाहेबांना तोंड उघडायची सोय नव्हती. नियम त्यांचाच! कान लाल, गाल लाल, हात विजारीच्या शिवणीला चिकटवून उभे. ताईनं मान वळवून भावजयीकडे पाहिलं. ती खांबाकडे बघत होती, डोळ्यांतून धारा लागल्या होत्या आणि त्या पुसायची तिला जराही घाई नव्हती. ताईला वाटलं, इतकी वर्षं या बाईला मी भित्री समजत आले. तिनं भावजयीचा हात घट्ट धरला. शांतता संपली, तोफ उडाली, दोघीही दचकल्या, पण हात सुटले नाहीत.

पाहुणे गाडीत बसले न बसले तोच वरूनसाहेब धावत आले. "हा काय प्रकार आहे? नगरपालिकेचं नाव कुठंय? कुणी लिहिलं हे?"

"मी," ताई ठणकावून म्हणाली.

"वन्सं, तुम्ही थांबा." भावजय पुढं झाली. तिचा आवाज चौकानं याआधी कधी ऐकलाच नव्हता. "अक्षर माझं आहे. नवराही माझाच होता."

"ही फीत काढावी लागेल! वरून आदेश..."

"आदेश आणा," ती म्हणाली. "तोवर मी इथं बसते."

आणि खरंच बसली, खांबाच्या पायरीवर. ताईनं समोरच्या हॉटेलातून दोन स्टुलं मागून आणली, एकावर भावजयीला बसवलं, दुसऱ्यावर आपण बसली, आणि पिशवीतून तार तोडायची पक्कड काढून मांडीवर ठेवली. वरूनसाहेबांनी त्या पक्कडीकडे पाहिलं, फोन कानाला लावला, बराच वेळ नुसतं "हो साहेब, हो साहेब" केलं आणि शेवटी खुर्च्या मोजायला निघून गेले.

दुपारी भाजीवाली बाई टोपली घेऊन आली. फीत तिनं बोट फिरवत वाचली आणि भावजयीला म्हणाली, "तू तर पाय घसरला म्हणाली होतीस."

"खोटं बोलले होते," भावजय म्हणाली.

भाजीवाली टोपली खाली ठेवून त्यांच्या शेजारी पायरीवर बसली. तिचा भाऊही लढाईवरून आला होता, आणि तो कसा गेला ते गल्लीत कुणालाच नीट माहीत नव्हतं.

संध्याकाळ झाली तरी कुणी चक्राला हात लावायला आलं नाही. पानं अजून ताठ होती. तार ताईनं यंदा भावासारखीच आवळली होती.

"कालचं बोलणं मनात ठेवू नकोस," ताई म्हणाली.

"ठेवलं नसतं तर लिहिलं असतं का?" भावजयीनं डोळे पुसले. "पुढच्या वर्षी त्यांचं नाव लिहीन, वन्सं. पूर्ण नाव."

"अगं, पुढच्या वर्षी काम आपल्याकडे कुठलं येतंय?"

"न येऊ दे," भावजय म्हणाली. "तुम्ही फक्त चक्र बांधा."